शेवटच्या शिखराला हात

"नकाशाला हात लावलास तर बघ हं, रोना!" मर्डो खेकसला, आणि त्याचं पुढचं बोलणं वाऱ्याने उचलून थेट दरीत भिरकावलं.

रोना गिलेस्पीने हात मागे घेतला, पण नाइलाजाने. आमच्या डोंगर-मंडळाचा हा एक आचरट नियम आहे. ज्याचा शेवटचा डोंगर, तो त्या दिवशीचा नवरा मुलगा, मग ती बाई का असेना. त्याने वाट शोधायची नाही, होकायंत्र बघायचं नाही, ओझं उचलायचं नाही. नुसतं मिरवत वर जायचं आणि शिखराला हात लावून यायचं. एरवी धुक्यात नकाशा वाचावा तो रोनानेच. मंडळातला एकेक जण कधी ना कधी तिची पाठ धरून जिवंत खाली आलेला. आणि आज, खरोखर हाताला हात दिसत नव्हता तेव्हा नकाशा मर्डोच्या खिशात, वाट तिच्या नवऱ्याच्या, स्ट्रुअनच्या डोक्यात, आणि ही मधोमध शोभेची!

"पण निदान दिशा तरी बघ ना रे," ती ओरडली. "मगाचपासून खिशातून काढलेला नाहीस तू तो."

"कशाला काढू? भिजून लगदा होईल. आणि तुझा नवरा आहे की पुढे. तो आलाय इथं आधी."

आलाय! ते तर स्कॉटलंडच्या अख्ख्या हायलँड्सला माहीत होतं. तीन हजार फुटांच्या वरचे आमचे डोंगर, त्यांना आम्ही मन्रो म्हणतो, ते पावणेतीनशेच्या वर आहेत. एकदा का सगळे पायाखाली घालायचं वेड डोक्यात शिरलं, की माणूस घरादाराच्या कामाचा राहत नाही. सगळे झाले की तो 'पुरा' झाला. स्ट्रुअन गिलेस्पी नऊ वर्षांपूर्वी पुरा झाला, आणि तोही ह्याच बेन ग्रूमाखवर. त्या दिवशी रोना घोटा मुरगळून खालच्या खानावळीत बसली होती. तेव्हापासून घरात कसलाही वाद निघो, छपराचा, मेव्हण्याचा, मटणाच्या रश्श्यात मीठ किती त्याचा, शेवट ठरलेला. स्ट्रुअन खुर्चीत मागे रेलायचा आणि म्हणायचा, "पुऱ्या माणसाशी वाद घालू नये."

रोनाचा हाच एक उरला होता. ग्रूमाख म्हणजे आमच्या जुन्या गेलिक भाषेत तोंड फुगवून बसलेला, आणि त्याने तिच्यावर खरंच डूख धरला असावा. एकदा ओढ्याला पूर आला आणि ती अर्ध्यातून परतली. एकदा बर्फाने हाकललं. आता शहाऐंशीचा सप्टेंबर, आणि पंधरा दिवसांवर गुडघ्याचं ऑपरेशन. इन्व्हरनेसच्या डॉक्टरने साफ सांगितलं होतं, "बागेत फिरा, जिने चढा, नातवंडं उचला. डोंगर मात्र विसरा." रोना मान हलवत बाहेर आली आणि गाडीत बसल्या बसल्या स्ट्रुअनला म्हणाली, "पुढचा शनिवार. वादळ येवो नाही तर आभाळ फाटो."

दोन्ही आली. मंडळातले बाकी सगळे शहाणे निघाले. सकाळी गाडीच्या काचेतून त्यांनी वर पाहिलं, वर काहीच दिसलं नाही, आणि आम्ही खानावळीत जागा धरून ठेवतो म्हणाले. उरले चौघं. पुढे स्ट्रुअन, मग रोना, मग तिची मैत्रीण सेंगा, आणि मागे मर्डो, पाठीवर पिशवीत बॅगपाइप घेऊन. शेवटच्या डोंगरावर बॅगपाइप वाजलाच पाहिजे, हा मर्डोचा स्वतःचा नियम होता.

"अगं कोंबडे," सेंगा मागून ओरडली. सेंगा ग्लासगोची, तिला जगातली प्रत्येक बाई कोंबडीच. "माझ्या बुटात आता मासे पाळता येतील. तुला कसं वाटतंय?"

"भारी वाटतंय!" रोना म्हणाली, आणि खरंच सांगत होती. गुडघ्यात कोणीतरी स्क्रूड्रायव्हर फिरवत होतं, पाऊस आडवा येऊन कानात शिरत होता, गारा गालावर तडातडा बसत होत्या, आणि तिला लहानपणी जत्रेला जाताना वाटायचं तसं वाटत होतं. आज होणार! ओढा गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे पट्टे धरून ओलांडला होता. दलदल मागे पडली होती. आता पायाखाली खडक होता, आणि खडक लागला की शिखर जवळ, हे तिच्या पायांना माहीत होतं.

वारा इतका होता की त्याच्यावर रेलून चालायचं. मध्येच तो दम खायला थांबला की चौघंही त्याच बाजूला धडपडायची, आणि सेंगा जे काही म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"थोडंच राहिलं!" स्ट्रुअन वळून ओरडला. त्याच्या दाढीतून पाणी निथळत होतं. "हा दगड आठवतो मला! आता डावीकडे वळायचं, की समोर शिखरावरची दगडांची रास!"

आणि खरंच आली की रास! धुक्यातून आधी नुसता काळपट गोळा दिसला, मग एकावर एक रचलेले दगड, कमरेइतके उंच. स्ट्रुअन धावत सुटला आणि राशीच्या पायथ्याशी असलेल्या पांढऱ्या चपट्या दगडावर त्याने थाप मारली.

"हाच! ह्याच दगडावर बसलो होतो मी! हाच तो, आईशपथ! ह्या खाचेत पेला ठेवला होता मी, ही बघ खाच! या, या राणीसाहेब, या!"

सेंगा आणि मर्डोने चालण्याच्या काठ्या उंच करून कमान धरली. वाऱ्याने ती दोनदा मोडली. तिसऱ्यांदा रोना वाकून तिच्याखालून लंगडत गेली आणि दोन्ही हात त्या गार, ओल्या दगडांवर ठेवले. तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. स्ट्रुअनने तिला उचलली. ह्या वयात, ह्या वाऱ्यात! सेंगाने तिच्या तोंडाचे मुके घेतले, पाण्यासकट, गारांसकट, सगळ्यासकट. मर्डोने पाइप काढून फुंकायला घेतला, त्यातून आधी पाणी आलं, मग रेडा रेकल्यासारखा एक आवाज आला, आणि मग बऱ्यापैकी सूर लागला. व्हिस्कीची बाटली फिरली.

रोना राशीला पाठ लावून उभी होती. पहिला घोट घशातून खाली उतरत होता. इतर तिघं तिच्याकडे तोंड करून, वाऱ्याकडे पाठ करून उभे होते. म्हणून ते दिसलं फक्त तिला.

धुकं फाटलं. एखादा श्वास घेण्याइतकंच. समोर, एका अरुंद खिंडीच्या पलीकडे, काळाकभिन्न सुळका उभा होता, त्याच्या डोक्यावर दुसरी रास होती, आणि ती रास बघायला रोनाला मान वर करावी लागली.

मग पडदा पडला.

 रोना तरी काय बोलणार? स्ट्रुअन पांढऱ्या दगडावर बसून सेंगाला नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत होता, तेव्हाही असंच धुकं होतं, नाकाचं टोक दिसत नव्हतं, पण मला बरोबर सापडलं म्हणून. मिशीवर ताव देत होता अगदी. हिने तोंड उघडलं की तो संपला. नऊ वर्षं मिरवलेलं एका वाक्यात मातीत. आणि तेही मर्डोसमोर, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळासमोर. नाही उघडलं, तर? कोणाला कळणार होतं? खाली गरम रस्सा होता, शेकोटी होती, केक होता. सगळे टाळ्या वाजवणार होते. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मघाशी हेच हात लावून आपण ओरडलो, आणि चुकीच्या दगडांना लावून ओरडलो. ह्या जन्मात परत इथं यायचं नाही हे तिला ठाऊक होतं. उद्यापासून रोज सकाळी उठून, चहा करताना, हे आठवत राहणार. नाही. छे. शक्यच नाही.

"मर्डो," ती म्हणाली. "नकाशा दे."

"अगं, नियम..."

"नियम गेला खड्ड्यात. दे म्हणते ना!"

मर्डोने दिला. रोनाच्या त्या आवाजापुढे मंडळात कोणी उभं राहत नाही. तिने राशीच्या आडोशाला बसून नकाशा मांडीवर दाबला आणि होकायंत्र ठेवलं. बोटं बधिर झाली होती, पण बघायला कितीसं लागतं? इथं, आपण आहोत ते, एक टेंगूळ. मग पुढच्या सुळक्याला जोडणारी चिंचोळी मान. मग शिखर, ह्याच्याहून चाळीस फूट उंच.

"काय गं?" स्ट्रुअन म्हणाला. तो अजून हसत होता.

"स्ट्रुअन, हे नव्हे रे ते."

"हे नव्हे काय?"

"शिखर. शिखर पुढे आहे. मला आत्ता दिसलं. आणि हे बघ, नकाशातही आहे."

 मर्डोच्या बगलेतून पाइपची उरलेली हवा कुंऽऽ करत निघून गेली.

"मला काही कळत नाही का?" स्ट्रुअन म्हणाला. "मी आलोय इथं. मी ह्याच दगडावर..." आणि तिथं तो थांबला. खाचेवर ठेवलेला हात त्याने हळूच उचलला. मग नकाशा ओढून घेतला, पाहिला, फिरवून पाहिला, परत पाहिला.

"म्हणजे," सेंगा म्हणाली, "ह्याने नऊ वर्षं आम्हाला..."

"सेंगा, तोंड बंद ठेव," रोना म्हणाली.

स्ट्रुअनचा चेहरा पाहवत नव्हता. दाढीतून पाणी गळत होतं. रोनाला वाटलं, आपण माणूस मारला. वाटलं आणि रागही आला, कारण नकाशा न बघता वाट कोणी काढली? ह्यानेच ना? तेव्हाही आणि आजही!

"मी जाणार पलीकडे," ती म्हणाली. "कोण येतंय?"

"ह्या वाऱ्यात? त्या मानेवरून?" मर्डो म्हणाला. "वेड लागलंय का तुला? दोन्ही बाजूंना कडा आहे. आणि परत येताना ही रास धुक्यात कशी सापडणार?"

"तू वाजवत राहा. आवाजावर येऊ."

मर्डोने पाइपची हवेची पिशवी पुन्हा बगलेत धरली. सेंगा म्हणाली, मी ह्याला धरून बसते, नाही तर वाद्यासकट उडून नॉर्वेला जाईल. रोना निघाली. चार पावलं गेल्यावर तिच्या पट्ट्याला हिसका बसला. मागे स्ट्रुअन होता, पट्टा धरून.

मान म्हणजे काय सांगू! रुंदी जेवणाच्या टेबलाइतकी, आणि तीसुद्धा सगळीकडे नाही. डाव्या हाताला धुकं, उजव्या हाताला धुकं, आणि धुक्याखाली काय आहे हे न दिसलेलंच बरं. वारा डावीकडून येऊन सरळ बरगडीत ढुशा देत होता. पहिल्या काही पावलांतच रोनाने शहाणपणा केला आणि बसली. घोड्यावर बसावं तशी, एक पाय इकडे, एक तिकडे, आणि ढुंगणावर सरकत निघाली. साठी ओलांडलेली बाई! पाठोपाठ नवरा, तसाच. मागून पाइप वाजत होता, कधी जवळ, कधी कुठल्या कुठे.

मध्यावर एक उभा धोंडा आडवा आला. त्याला वळसा घालायला उठावं लागणार होतं. रोना उठली, उजवा पाय टेकवला, आणि गुडघ्याने साथ सोडली. पाय नुसताच निघून गेला. ती धोंड्याला मिठी मारून लोंबकळली, बूट हवेत, आणि हवेखाली काहीच नव्हतं. स्ट्रुअनने पट्टा असा ओढला की तिचा श्वासच कोंडला. दोघंही खडकाला चिकटून धापा टाकत पडली.

"बस झालं!" स्ट्रुअन ओरडला. मघापासूनचं त्याचं हे पहिलं बोलणं. "परत फिर! मी सांगतो तुला!"

"नाही फिरणार!"

"मरशील, रोना!"

"मग वर हात लावून मरेन!" ती ओरडली, आणि तिला रडू फुटलं, वेदनेने, संतापाने, सगळ्यानेच. "दोनदा फिरलेय मी! आता फिरायला पुढचा शनिवार नाही माझ्याकडे! तू राहा इथं, पुरा झालेला!"

हे बोलायला नको होतं. तोंडातून निघताच तिला कळलं.  आणि मग, काय सांगावं, स्ट्रुअनला हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग दाढी, मग तो त्या चिंचोळ्या खडकावर पालथा पडून खो-खो हसायला लागला.

"कुठला पुरा, बाई!" तो म्हणाला. "चल. डावा पाय आधी टाक. मी आहे मागे."

डावा पाय आधी. धोंडा मागे पडला. मान रुंद झाली, चढ लागला. चढ म्हणजे खरा चढ, हातांनी धरून वर जायचा. रोना चढत होती, गुडघा ओरडत होता, ती त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती. काय ओरडत होती कोण जाणे, आई, बाबा, शाळेत पाठ केलेले पाढे, डॉक्टरचं नाव. आणि मग वर धरायला काही उरलंच नाही. समोर रास होती. तिच्या पलीकडे चहूबाजूंनी नुसती उतरती जमीन.

तिने हात लावला. एक, मग दुसरा. मग कपाळ टेकलं. वारा एवढा होता की रडलेलं गालावर थांबतसुद्धा नव्हतं. झालं. झालं गं बाई! सगळे झाले!

"झालं, स्ट्रुअन!" ती वळून ओरडली. "सगळे! ये, ये लवकर, लाव हात! तू पण हो पुरा, आत्ताच्या आत्ता! खाली कोणाला कळणार पण नाही!"

स्ट्रुअन राशीपासून हातभर अंतरावर उभा होता. दोन्ही हात काखेत घातलेले.

"नाही," तो म्हणाला.

"नाही काय? रुसलास होय? चुकलं माझं, मघाशी बोलले ते. लाव हात!"

"रुसलो नाही." तो जवळ सरकला, पण हात काखेतच. वाऱ्यात ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागला. "मी पुरा झालो ना, त्या हिवाळ्यात मी मागची शेड तीनदा रंगवली. आठवतं? तीनदा! करायला काही नव्हतं गं. तू नकाशे पसरून बसायचीस, हा कधी, तो कधी, आणि मी तुझे डबे भरायचो. खिडकीतून डोंगर दिसायचे आणि त्यातला एकही माझा नव्हता. नऊ वर्षं मी मिरवलं कारण दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि आज मला एक सापडला. आयता! आणि तू म्हणतेस, लाव हात आणि संपव?"

"अरे पण मग... कधी लावणार?"

"तुझा गुडघा बरा झाला की. दोघं येऊ. चांगल्या हवेत. सँडविच घेऊन."

"डॉक्टर नाही म्हणालाय. तुला माहितीय."

"डॉक्टरला काय कळतं? त्याचे किती झालेत?"

"स्ट्रुअन, मला नाही येता येणार परत. खरंच नाही. लाव ना हात, वेड्यासारखं करू नको."

"मग राहू दे," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय नाही लावणार. माझा एक बाकी. मरेपर्यंत बाकी."

रोनाने ह्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली आणि तो त्या शेडमध्ये काय करतोय हे कधी विचारलं नाही. ती काहीतरी बोलणार होती. काहीतरी शहाणपणाचं, समजुतीचं, गुडघा म्हणजे गुडघा असतो वगैरे.

तेवढ्यात वारा आला. दिवसभरातला सगळ्यात मोठा, पाठीमागून, गुरगुरत. स्ट्रुअनचे हात काखेत, तोल सावरायला काही नाही. तो सरळ राशीच्या दिशेने फेकला गेला. पडताना कोणीही करेल तेच त्याने केलं, दोन्ही हात पुढे काढले.

"हात!" रोना किंचाळली. "अरे हात! हात सांभाळ!"

आणि तिने झडप घातली. त्याची कॉलर धरली, दुखरा गुडघा खडकात रोवला, आणि त्या दाढीवाल्या धिप्पाड माणसाला असा मागे खेचला की दोघंही ओल्या गवतात उताणी आपटली. त्याची बोटं राशीपासून वीतभर लांब राहिली.

"लागला का?" तिने धापा टाकत विचारलं. "दगडाला हात लागला का तुझा?"

"नाही," स्ट्रुअन म्हणाला. "तुला?"

"मला मरू दे. नक्की नाही ना लागला? दाखव बोटं."

त्याने दाखवली. तिने ती आपल्या दोन्ही मुठींत धरली आणि सोडली नाहीत. पलीकडे मर्डो वाजवत होता.

"पुढच्या वर्षी मे महिन्यात," रोना म्हणाली. "मेमध्ये हवा बरी असते. आणि नकाशा मी धरणार."